गढूळ पाण्यात माशाला काय कळतं? ल्युअर निवडताना रंगाआधी बघायच्या गोष्टी

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला, भिडे पुलावरून पाणी गेलं, की पुण्यातल्या गळाचा नाद असलेल्या माणसांची पंचाईत होते. पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, भाटघर, सगळीकडे ओढ्यांच्या तोंडाशी लाल पाणी उतरलेलं असतं. उजनीकडे जावं तर तिथलं काळपट. पेटीतली ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, तीच, मे महिन्यात त्यांच्यावर मासा लागत होता, आणि आता दुपारभर फेकूनही दोरीला साधा हिसका नाही. मग घरी येऊन व्हिडिओ बघायचे. ते बहुतेक अमेरिकेतले असतात आणि त्यांतला मासा असतो बास.

बास आपल्याकडे नाही, हे आधी स्पष्ट करू. लार्जमाऊथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, गोड्या पाण्यातला, मोठ्या जबड्याचा शिकारी मासा. त्याचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरीने केला, वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंच्या किंचित वर. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. आपल्याकडचा कटला याहून बराच मोठा होतो, त्यामुळे पुणेकराने या आकड्याने दिपून जायचं कारण नाही. पण कटला ल्युअरच्या मागे धावत नाही, बास धावतो. म्हणून अमेरिकेत ल्युअर बनवण्याचा सगळा उद्योग या एका माशाभोवती उभा राहिला आणि गढूळ पाण्यात काय चालतं याचा सर्वांत जास्त विचारही याच माशासाठी झाला. तो विचार समजून घेतला तर इथे मरळीसाठी उपयोगी पडतो. शिवाय कोथरूडमधल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी टेक्सासात नाहीतर न्यू जर्सीत असतंच. तिकडे सुट्टीला गेलात तर त्या राज्याचं लायसन काढून खऱ्या बासवरही हात आजमावता येईल.

(इथे आणून सोडायचा विचार मात्र कुणी करू नये. जपानने १९२५ मध्ये हौसेने बास आणला. २००५ मध्ये त्यांना तो बाळगायला, ने-आण करायला आणि नव्या पाण्यात सोडायला बंदी घालणारा कायदा लागू करावा लागला. आपल्याकडे बाहेरून आलेल्या चिलापीने (तिलापियाने) काय केलंय ते उजनीच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा.)

आता मुद्द्यावर. गढूळ पाण्यासाठी ल्युअर घ्यायला दुकानात गेलं की समोर रंगांची भिंत असते आणि आपण रंगावरच अडकतो. माझं म्हणणं असं की गढूळ पाण्यात रंग हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की मासा ते ल्युअर कशाने ओळखणार आणि किती अंतरावरून? याचं उत्तर लागलं की बाकीची निवड बऱ्यापैकी आपोआप होते.

त्यासाठी आधी पाणी नेमकं किती गढूळ आहे ते मोजा. ‘गढूळ आहे’ एवढं म्हणून भागत नाही. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये दोरीला पांढरी तबकडी बांधून ती समुद्रात सोडायची पद्धत काढली. तबकडी दिसेनाशी होते ती खोली मोजायची, बस. तळ्यांचे अभ्यासक आजही हेच करतात, फक्त त्यांची तबकडी वीस सेंटिमीटरची आणि काळ्या-पांढऱ्या चतकोरांची असते. आपल्याला तेवढाही खटाटोप नको. पेटीतलं पांढरं ल्युअर रॉडच्या टोकाखाली सरळ सोडा आणि ते कुठे नाहीसं होतं ते बघा. दोन फुटांपर्यंत दिसत असेल तर पाणी नुसतं डहुळलेलं आहे, नेहमीची ल्युअर थोड्या फरकाने चालतील. एका फुटाच्या आत नाहीसं झालं तर खरं गढूळ. आणि वीतभरही दिसत नसेल, पाणी दुधाच्या चहासारखं झालं असेल, तर ल्युअरच्या शिकारीची ती शेवटची पायरी. त्यापुढे गांडूळ बरं.

गढूळपणाचा रंगही बघा. सह्याद्रीच्या बाजूला, मुळशी-पानशेतकडे, तांबड्या मातीचं पाणी येतं. पूर्वेला उजनीच्या अंगाला काळ्या रानाचं. हा झाला मातीचा गढूळपणा. पण उजनीतलं पाणी पाऊस नसतानाही हिरवं असतं. ते शेवाळ आहे, शहरांच्या सांडपाण्यातून आलेल्या खतावर पोसलेलं. दोन्हींत डोळ्याला सारखंच कमी दिसतं, पण मातीचं पाणी काही दिवसांनी निवळतं आणि शेवाळाचं तसं निवळत नाही. हिरव्या पाण्यावर रंगासारखा तवंग दिसला तर तिथे हातही बुडवू नका. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात.

मातीचं पाणी निवळायला किती वेळ लागतो, याचं गणित मजेशीर आहे. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला दोन-तीन मिनिटं घेतो. दोन सहस्रांश मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी साधारण तीन दिवस लागतात, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. त्याहून बारीक कण तर खाली बसतच नाहीत असं म्हटलं तरी चालेल, कारण त्यांच्यावर सारखाच विद्युत्भार असतो, ते एकमेकांना ढकलत राहतात आणि गोळा होऊन जड होत नाहीत. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात आपण तुरटी फिरवतो ती हा भार मोडायलाच. धरणात तुरटी फिरवायला कोणी येत नाही. म्हणून मोठा पाऊस थांबल्यावर दुसऱ्याच दिवशी ‘ऊन पडलंय, चला’ म्हणून निघालेला माणूस लाल पाण्याच्या काठावर येऊन उभा राहतो.

आता पाण्याच्या आतून बघू. शिकारी माशाकडे भक्ष्य हेरायला डोळे आहेत, कान आहेत, नाक आहे आणि आपल्याकडे नसलेली एक गोष्ट आहे, पार्श्वरेषा. कुठलाही रोहू किंवा कटला मंडईतून आणलात तर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगावरून गेलेली बारीक ठिपक्यांची रेघ दिसेल, ती. त्या ठिपक्यांखाली बारीक केसांसारखे तंतू असलेल्या संवेदक पेशी असतात आणि त्यांना पाण्याची हालचाल कळते. शेजारून बारका मासा गेला की पाणी ढकललं जातं, ते ढकलणं माशाला अंगावर जाणवतं.

पार्श्वरेषेबद्दल व्हिडिओंमध्ये खूप बढाया ऐकू येतात. मासा म्हणे तिच्यावरून लांबचं भक्ष्य शोधतो. तसं नसतं. पार्श्वरेषेचा पल्ला फार थोडा, माशाच्या स्वतःच्या लांबीच्या एक-दोन पटींइतका. चाळीस सेंटिमीटरच्या बासला ती हातभर अंतराच्या आतलं सांगते, त्यापलीकडचं नाही. तिला कळतात तेही मंद ठोके, सेकंदाला साधारण दोनशेपर्यंतचे. मात्र त्या हातभर अंतरात ती अंधारातही दिशा अचूक दाखवते.

लांबचं काम कानाचं. पाण्यात आवाज सेकंदाला जवळजवळ दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, आणि गढूळपणाने त्याला फारसा अडथळा येत नाही. माशाला बाहेरून दिसणारे कान नसले तरी कवटीत कानाचे खडे असतात. बासला साधारणपणे मंद, खर्जातले आवाज ऐकू येतात. त्याला तीव्र किणकिणाट फारसा कळत नाही. म्हणून ल्युअरमधला छर्‍यांचा जड ठक्‌ठक् आवाज आणि बारीक मण्यांचा खुळखुळाट यांत मी गढूळ पाण्यासाठी जड आवाजाच्या बाजूने आहे. पेटीत ठेवलेलं ल्युअर हलवून आपल्याला जो आवाज गोड वाटतो तो माशासाठी कितपत आहे, हा विचार घेताना करावा.

आणि डोळे. बास मुळात डोळ्याने शिकार करणारा मासा आहे. पाणी गढूळ झालं की त्याला भक्ष्य दिसण्याचं अंतर झपाट्याने घटतं, हे प्रयोगशाळेतल्या टाक्यांमध्ये वारंवार दिसलेलं आहे. पण अंतर घटतं म्हणजे डोळा बाद होत नाही. शेवटच्या वीतभरात, तोंड उघडायच्या आधी, तोच कामाला येतो.

तर क्रम असा लागतो. कानाने कळतं की तिकडे काहीतरी आहे. जवळ गेल्यावर पार्श्वरेषा नेमकी जागा दाखवते. शेवटी डोळा घाव घालायला मदत करतो. गढूळ पाण्यातलं ल्युअर या तिन्ही पायऱ्यांवर उतरलं पाहिजे. नुसतं चमकणारं, आवाज न करणारं, सडपातळ ल्युअर पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उभं राहतं. उन्हाळ्यात पानशेतच्या नितळ पाण्यात त्याचंच कौतुक होतं, कारण तिथे मासा ते कित्येक फुटांवरून बघतो.

स्पिनरबेटपासून सुरुवात करू, कारण इथे निवडीची खरी गंमत आहे. वाकवलेली तार, खालच्या टोकाला शिशाचं डोकं, गळ आणि झालर, वरच्या टोकाला फिरणारं पातं. दुकानदार वजन आणि रंग सांगतो. बघायचं असतं ते पातं. तीन प्रकार सर्रास मिळतात. विलो पातं लांबट, टोकदार, विलोच्या पानाच्या आकाराचं. ते वेगाने आणि तारेला चिकटून फिरतं, चमक भरपूर देतं, पाणी कमी ढकलतं. कोलोरॅडो पातं जवळजवळ गोल आणि खोलगट. ते सावकाश फिरतं, पण प्रत्येक फेऱ्याला पाण्याला धक्का देतं, इतका की रॉडच्या मुठीत ठोका जाणवतो. इंडियाना या दोघांच्या मधलं. नितळ पाण्यात विलो, गढूळ पाण्यात कोलोरॅडो, हा बासवाल्यांचा जुना नियम आहे आणि वर सांगितलेला क्रम लक्षात घेतला तर तो पाठ करावा लागत नाही.

कोलोरॅडो पात्याचा आणखी एक फायदा आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. गोल पातं पाण्यात उचल देतं. म्हणून तेवढ्याच वजनाचं ल्युअर कितीतरी हळू ओढलं तरी तळाला जात नाही. गढूळ पाण्यात हळू ओढण्याला फार किंमत आहे. माशाच्या हातभर कक्षेतून ल्युअर अर्ध्या सेकंदात निघून गेलं तर त्याला वळून, नेम धरून तोंड मारायला वेळच उरत नाही. अर्ध्या औंसाचं, म्हणजे चौदा ग्रॅमचं स्पिनरबेट, त्याला एकच मोठं कोलोरॅडो पातं, आणि पातं फिरत राहील इतक्याच वेगाने रील. ठोका थांबला तर फार हळू, ठोक्याची भुणभुण झाली तर फार जोरात. हात हेच यातलं मोजमाप. काही ल्युअरवर एकामागे एक दोन पाती असतात, ती दिसायला भारी असतात. गढूळ पाण्यात मी एक मोठं पातं पसंत करतो, कारण दोन पात्यांचे ठोके एकमेकांत मिसळून बारीक होतात.

चॅटरबेट हा त्याचाच चुलत भाऊ. जिगच्या (जड डोकं आणि झालर लावलेल्या गळाच्या) तोंडाशी षट्कोनी पत्रा, तो दोन्ही बाजूंना आपटत राहतो आणि सगळं ल्युअर थरथरतं. ते स्पिनरबेटपेक्षा जास्त आवाज करतं आणि उथळ गवतातून छान जातं. अडचण एकच, ते अडकतं. आपल्या धरणांच्या फुगवट्यात पाण्याखाली काय नाही? वेड्या बाभळी, जुन्या गावांचे बांध, कुठे देवळाच्या पायऱ्यासुद्धा. स्पिनरबेटची तार गळाच्या पुढे राहून बराचसा मार खाते, चॅटरबेटला ते संरक्षण नाही. बाभळीच्या जागी ते टाकायचं तर खिशाची तयारी हवी.

क्रँकबेट म्हणजे माशाच्या आकाराचं टणक ल्युअर, पुढे ओठासारखी पट्टी असलेलं. त्यात चौकोनी ओठाचं घ्या, ज्याला स्क्वेअरबिल म्हणतात. गोल ओठाचं क्रँकबेट नितळ खोल पाण्यासाठी ठीक. चौकोनी ओठाचं उथळ चालतं, चार-पाच फुटांपर्यंत, आणि दगडाला किंवा खोडाला धडकलं की बाजूला उडी मारतं. ही धडक टाळायची नसते, मुद्दाम घडवायची असते. दगडावर ‘टक्’ वाजतं तेव्हा मासा सावध होतो, आणि दिशा बदलून ल्युअर एक क्षण अडखळतं तेव्हा तो तोंड मारतो. अडकलंच तर दोरी सैल सोडा. ते तरंगणारं असल्यामुळे पुष्कळदा स्वतःच मागे सरकून सुटतं. घाबरून ओढत राहिलं की गेलं.

ओठ नसलेलं, आत छर्रे भरलेलं लिपलेस क्रँकबेट मोठ्या उघड्या पाण्यासाठी, जिथे मासा कुठे आहे याचा पत्ता नाही आणि लांबवर आवाज पोहोचवायचाय. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

याच्या अगदी उलट जिग. झालर लावलेलं जड डोकं, मागे खेकड्यासारखे नांगे असलेला रबरी शेपटा. ते आवाज करत नाही म्हणून गढूळ पाण्यात निरुपयोगी, असं आपल्याला वाटेल. पण जिग ओढायचं नसतं, माशाच्या दारात नेऊन ठेवायचं असतं. गढूळ पाण्यात बास उघड्यावर फिरायचं सोडतो आणि खोड, दगड, गवताचा कड अशा कशाला तरी अंग लावून उथळ पाण्यात थांबतो. मग त्या खोडालाच जिग सोडायचं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, एकदा आतल्या बेचक्यात. त्यात वाजणारी काचेची छोटी नळी बसवता येते. रबरी शेपटा मोठा, फडफडणारा घ्यावा, म्हणजे खाली उतरतानाही पाणी ढकललं जातं. सडपातळ गुळगुळीत रबरी अळी इथे वाया जाते.

यातूनच एक सवय लावून घेण्यासारखी आहे. नितळ पाण्यात आपण पंख्यासारखे चहूकडे फेकत जातो आणि ते बरोबरही असतं. गढूळ पाण्यात एकाच खोडावर चार-पाच वेळा फेका. माशाची कक्षा हातभर आहे. पहिलं ल्युअर दोन हात लांबून गेलं तर त्याच्या लेखी ते गेलंच नाही. कंटाळा येतो, मान्य. पण दिवसभरात कमी जागा आणि प्रत्येक जागी जास्त फेकी हाच इथला हिशोब आहे.

दोरीच्या बाबतीत मात्र गढूळ पाणी आपल्यावर उपकार करतं. नितळ पाण्यात बारीक, न दिसणारी तंगूस लागते. इथे दोरी दिसण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा तीस ते पन्नास पौंडांची विणलेली लाईन खुशाल वापरा. बाभळीत शिरलेला मासा ओढून काढायला ती लागतेच, आणि न ताणणाऱ्या लाईनमधून पात्याचा ठोका हाताला जास्त स्वच्छ कळतो.

आता रंग. इथे एक जुनी गैरसमजूत आहे. ‘पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते खरं आहे, पण नितळ पाण्यासाठी. नितळ पाणी लाल प्रकाश शोषतं आणि निळा खोलवर जाऊ देतं, म्हणून समुद्र निळा. गढूळ पाण्यात उलटं घडतं. मातीचे बारीक कण निळा-जांभळा प्रकाश विखरून टाकतात, कुजलेल्या पाल्याचा उतरलेला रंग तो शोषून घेतो, आणि खाली जे काही पोहोचतं ते पिवळट-तांबूस असतं. अशा उजेडात निळं ल्युअर काळंच दिसणार.

बासच्या डोळ्याचीही यात भर आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१९ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. त्यांनी बासना ठरावीक रंगावर तोंड मारायला शिकवलं आणि मग ते कोणत्या रंगांत गल्लत करतात ते बघितलं. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या दोनच प्रकारच्या पेशी निघाल्या, एक हिरव्यासाठी आणि एक लालसाठी. आपल्याकडे तीन असतात. लाल आणि हिरवा त्यांना पक्के ओळखू आले. पण झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्यांची गल्लत झाली, तशीच निळा आणि काळा यांत. पोपटी-पिवळा, ज्याला चार्ट्रूज म्हणून दुकानात जास्त भाव असतो, तो आणि साधा पांढरा यांवर गटात वाद घालणाऱ्यांनी हे वाचून थोडं शांत व्हायला हरकत नाही.

मग निवडायचं काय? उजळ किंवा गडद, मधलं नको. गढूळ पाण्यात रंगापेक्षा उठाव महत्त्वाचा. ल्युअर माशाच्या वरून जाणार असेल तर त्याला ते आभाळाच्या उजेडावर दिसतं, तिथे काळ्याइतका उठाव कशालाच नाही. म्हणून पृष्ठभागावरचं बेडूक-ल्युअर आणि जिग काळ्यात. काळा-निळा जिग बासवाल्यांत प्रसिद्ध आहे. त्यातला निळा माशासाठी आहे की गिऱ्हाइकासाठी ते वरच्या परिच्छेदावरून ठरवा. उथळ पाण्यात, वरच्या फूटभरात फिरणाऱ्या स्पिनरबेट-क्रँकबेटला पांढरा, पोपटी किंवा नारिंगी. चकाकणारे फ्लोरोसंट रंग तोकड्या लहरींचा प्रकाश घेऊन लांब लहरींचा बाहेर टाकतात, पण तो प्रकाश मुळात वरच्या थरातच उरलेला असतो, म्हणून खोलात त्यांचा डौल चालत नाही. पात्यांमध्ये तांबडं-सोनेरी घ्या. पांढऱ्या चांदीची चमक उन्हाची आणि नितळ पाण्याची.

इथवर बास. आता आपले मासे, कारण इथे थोडं वळावं लागतं.

ल्युअरवर येणारा आपला सगळ्यात जवळचा मासा मरळ. तीही उथळ गवतात दबा धरते, त्यामुळे बासचं बरंचसं शास्त्र तिला लागू पडतं. पण मरळीची एक गोष्ट बासमध्ये नाही. ती हवेवर जगते. तिला ठरावीक वेळाने वर येऊन हवा घ्यावीच लागते, पाण्यात कितीही प्राणवायू असला तरी. म्हणजे पाणी कितीही लाल असो, मरळ स्वतःच वर येऊन आपला पत्ता देते. काठावर शांत बसा, ‘गुळुप’ होऊन वलय उठलं की त्याच्या थोडं पलीकडे काळा बेडूक टाका आणि सावकाश वलयावरून आणा. इथे आंधळेपणाने चार-पाच फेकी टाकायची गरज नाही, डोळ्यांनी मिळणारी माहिती कशाला सोडा. जलपर्णी आणि गवतावरून पोकळ रबरी बेडूक न अडकता सरकतो. उघड्या पाण्यात मागे फिरणारा पंखा असलेलं पृष्ठभागावरचं ल्युअर जास्त बरं, ते सलग आवाज करतं आणि मरळीला नेम धरता येतो. थांबून-थांबून उडवायचं पॉपर गढूळ पाण्यात कमी चालतं, कारण दोन आवाजांच्या मधे ते कुठे गेलं हे तिला कळत नाही.

पावसाळ्यात पाण्यावर नारिंगी-लालसर पिल्लांचा थवा दिसला तर खाली नर-मादी राखणीला असतात. त्या वेळी मरळ भुकेने येत नाही, पिल्लं वाचवायला अंगावर येते, म्हणून ती हमखास लागते. ती काढली की बाकीचे मासे पिल्लं फस्त करतात. हा शिकारीचा प्रकार मला तरी पटत नाही.

शिवड्याचं गणित वेगळं. तो रात्रीचा शिकारी, लांब मिशांचा. मिशांवर आणि अंगावर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे गढूळ पाणी ही त्याची अडचण नसून सोय आहे. शिवाय मांगूर-शिवड्यांच्या कुळात आणि रोहू-खडस (महसीर) यांच्या कुळात पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते. ती बासमध्ये नसते. म्हणून हे मासे बासपेक्षा कितीतरी चांगलं ऐकतात, तीव्र आवाजसुद्धा. बारीक खुळखुळ्यांना मी वर नावं ठेवली, ती शिवड्यासाठी मागे घेतो. तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर पुराच्या पाण्यात शिवड्याला वास येणारं खरं आमिषच जास्त पटतं.

कटला पाण्यातलं सूक्ष्म खाद्य गाळून खातो आणि रोहूचा भर शेवाळ-पाल्यावर. या दोघांना ल्युअर दाखवण्यात अर्थ नाही, त्यांच्यासाठी कणीक मळा. चिलापी छोट्या फिरत्या पात्यावर कधीमधी येते.

खडस हा ल्युअरवर येणारा उत्तम मासा. पण लाल पाणी आलं की तो वरच्या ओढ्या-नद्यांकडे अंडी घालायला चढतो. चढणीचा मासा धरू नये, एवढं जुन्या लोकांना कायद्याशिवाय कळत होतं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून या माशाची पिल्लं वाढवून सोडली जातात. ती मोठी व्हायला वेळ लागतो. खडस निवळल्यावर, हिवाळ्यात बघावा आणि परत सोडावा.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. आपल्याकडच्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थांकडे असतो. हौसेने गळ टाकणाऱ्यानेही गावात विचारून, परवानगी घेऊनच बसावं. धरणाच्या भिंतीजवळ आणि खडकवासल्याला एनडीएच्या (लष्करी प्रबोधिनीच्या) हद्दीत जाऊ नये. दुसरी गोष्ट, धरणाखाली नदीपात्रात पावसाळ्यात उभं राहायचंच नाही. भोंगा वाजल्यावर गोळा करून निघू, असं म्हणणारे असतात. पाणी त्यांच्या आवराआवरीची वाट बघत नाही.

शेवटी, जायचं कधी आणि कुठे. सगळं धरण एकदम गढूळ होत नाही आणि एकदम निवळतही नाही. ओढ्याच्या तोंडाशी पाणी आधी लाल होतं, आणि तिथून लांब, बाजूच्या खोऱ्यांत जिथे मोठा ओढा मिळत नाही, तिथे बराच काळ ठीक राहतं. वारा समोरून काठावर आपटत असेल तर लाटा काठची माती परत उकरतात, म्हणून वाऱ्याआडचा काठ बघा. या दोन पाण्यांच्या मधे कधी कधी सरळ रेघ दिसते, इकडे लाल, तिकडे हिरवट. व्हिडिओंत जिला मडलाईन म्हणतात ती हीच. बारके मासे उजळ बाजूला असतात आणि शिकारी गढूळ बाजूच्या आडोशाला. रेघेला आडवं फेकलं तर ल्युअर कामाच्या पट्ट्यात क्षणभरच राहतं. रेघेच्या कडेकडेने, लांबीला धरून फेका. कोलोरॅडो पातं लावूनच सुरुवात करा. आणि पांढरं ल्युअर दोन फुटांवर दिसायला लागलं की पातं बदलून विलो लावा, वेग वाढवा.